हिरव्या मशीनचा सूर

“तीन वर्षं झाली ना, की त्या मालाच्या स्विचमधली स्प्रिंग बसते,” कार्बन म्हणाला. “मग बोट काढलं तरी मशीन फिरतच राहतं. या महिन्यात दोघं आले माझ्याकडे. एकजण तर हाताला फडकं गुंडाळूनच आला होता.” एवढं बोलून त्याने समोरच्या ड्रिलच्या पोटात फुंकर मारली, धूळ उडवली आणि पडलेला स्क्रू शोधायला लागला. हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा तो बोलला होता. मशीनदुरुस्तीच्या त्या खोपटाएवढ्या दुकानात बसून बसून त्याची बोटं जन्माची काळी झाली होती, म्हणून सगळे कारागीर त्याला कार्बनच म्हणायचे. त्याच्या आईवडिलांनी काय नाव ठेवलं होतं ते आता त्यालाही आठवावं लागलं असतं. समोर स्टुलावर बसलेल्या मिस्त्रीला आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुणाची तरी कथा सांगतोय. मग कार्बनने मान वर न करता जोडलं, “तुमचं ते एकदा बघून घ्या, मिस्त्री.” आणि मिस्त्री स्टुलावर ताठ झाला. ‘ते’ म्हणजे काय, हे जगात या दोघांनाच माहीत होतं, आणि तीन वर्षांत दोघांपैकी एकानेही ते नावानिशी उच्चारलं नव्हतं.

‘ते’ म्हणजे हिरवं मशीन, दगड-फरशी कापायचं. कारागीर माणूस मशीनला कंपनीच्या नावाने हाक मारत नाही, रंगाने मारतो. निळं म्हणजे रोजच्या राबत्याचं. पिवळ्याने भिंतीला भोकं पाडावीत. करडं म्हणजे वर्षातून दोनदा खिळा ठोकून बायकोला हाक मारणाऱ्या हौशी नवऱ्यांचं. आणि हिरवं म्हणजे हिरवं. ते पेटीतून काढून चार माणसांदेखत नुसतं जमिनीवर ठेवायचं असतं, पुढचं बोलणं ते स्वतः करतं. मिस्त्रीने ते घेतलं तेव्हा पहिले काही महिने रोज संध्याकाळी तो ते ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसायचा. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, “माझ्या सवतीचं अंग पुसून झालं असेल तर जेवायला या.” त्या मशीनने त्याला घरं मिळवून दिली. माणसं हात बघत नाहीत, मशीन बघतात. देव अंतरंग बघतो म्हणतात, घरमालक बाहेरचा रंगच बघतो. हे मिस्त्री गमतीने म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी त्याने ते म्हणणं सोडलं होतं.

आणि हिरवं आज सकाळपासून त्याच्या लेकीच्या हातात होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर, एका न्हाणीघरात. तिचं स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं पहिलं काम. आज बेसिनचा दगड कापायचा होता, एका अखंड लादीत दोन गोल. त्याने खिशातून फोन काढला. वाजला, वाजत राहिला, थांबला. पुन्हा लावला. कार्बनने आता कुठे वर बघितलं आणि विचारलं, कुठंय ते. मिस्त्री म्हणाला, पोरीकडे. कार्बनची काळी बोटं ड्रिलच्या तोंडात तशीच राहिली. तिसऱ्यांदा फोन वाजत असताना त्याला उमगलं की ती उचलणार नाही. सगळा दिवस लावला तरी उचलणार नाही. कारण मशीन हातात असताना फोनला हात लावायचा नाही, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी, पहिलं वाक्य. फोन पिशवीत, पिशवी बाहेरच्या खोलीत. पंचविशीची पोर, पण या बाबतीत शाळेतल्या मुलीसारखी आज्ञाधारक. आपणच बांधलेल्या भिंतीवर डोकं आपटावं तसं त्याला झालं. दुरुस्तीला आणलेलं आपलं ड्रिल तिथेच टाकून तो रस्त्यावर आला.

बस मिळाली. बसायला जागा होती, तरी तो दांडा धरून उभा राहिला, जणू बसला तर बस हळू चालेल. सात थांबे. त्याने डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. रोजची सवय, जीभ आपोआप चालायची. आज दोन वेळा नाव आलं आणि तिसऱ्या वेळी जिभेवर आलं, स्विच. त्याने पुन्हा सुरुवात केली. नाव, नाव, स्प्रिंग. बस एका चौकात थांबली. समोर हत्यारांचं मोठं दुकान होतं, काचेमागे मशीनं रंगांप्रमाणे रांगेत मांडलेली. विक्रेता एका जोडप्याला काहीतरी समजावत होता. त्याचे हात हलत होते आणि नवरा एकेक मशीन उचलून त्याचं वजन बघत होता. वजनाने काय कळतं, मिस्त्रीच्या मनात आलं, आतल्या तांब्याचंही वजन असतं आणि आतल्या खोटेपणाचंही. हिरव्या रांगेवर ऊन पडलं होतं. बरोबर तोच रंग. त्याच रंगाच्या खाली काय आहे, हे काचेबाहेरून सांगायची कुणाची बिशाद होती? आणि तो विचार येताच तो तीन वर्षं मागे गेला, त्या दुपारी, जिथे जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

त्या दुपारी हिरव्यातून आधी वास आला होता. जळक्या वार्निशचा, गोडसर. मग धूर. आर्मेचर गेलं, म्हणजे मोटारीचं काळीजच गेलं. ज्यांचं काम चालू होतं ते घरमालक दाराशी उभे होते. “तुमच्याकडे हिरवं आहे म्हणून तुम्हाला बोलावलं,” असं त्यांनीच आदल्या आठवड्यात म्हटलं होतं. त्या वेळी मिस्त्री लाजून हसला होता, आणि आता तोच मालक त्या धुराकडे बघत होता. कार्बनने सांगितलं, कंपनीचे अस्सल भाग यायला दीड महिना. तोवर हे घाला. त्याने फडताळातून एक नकली मशीन काढलं, हिरव्याचीच नक्कल. साचाच चोरलेला, त्यामुळे आतला सगळा ऐवज हिरव्याच्या कवचात तंतोतंत बसत होता. चार स्क्रू. तात्पुरतं, कार्बन म्हणाला. तात्पुरतं, मिस्त्रीही म्हणाला. तात्पुरत्याचं आयुष्य केवढं असतं, हे ज्याने घराला तात्पुरतं छप्पर घातलंय त्याला विचारावं. दीड महिन्याने अस्सल भाग आले का हे विचारायचं राहिलं. मग राहून गेलं. मग विचारणं म्हणजे त्या दुपारचा उच्चार करणं झालं, आणि ते दोघांनाही नको होतं.

आणि त्याच सुमारास लेक म्हणाली, बाबा, मला शिकवा. ती दुकानाच्या काउंटरवर बसायची नोकरी सोडून आली होती. दिवसभर तेच ते बटण दाबून माझी बोटं मेली, म्हणाली. तिची आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच जुना शर्ट कापून लेकीला कामाचा झगा शिवून दिला. मिस्त्रीने तिच्या हातात हिरवं दिलं. दुसरं काय देणार होता? निळं दिलं असतं तर तिने विचारलं असतं, हिरवं का नाही? “डोळ्याने रेघ बघ, कानाने मशीन ऐक,” त्याने तिला सांगितलं होतं. पातं दगडातून सुखाने चाललं की एकच सूर लागतो. सूर चढला म्हणजे पातं रिकामं फिरतंय, बसला म्हणजे तू जोर करतेयस. जोर करू नकोस, नुसतं वजन दे. ती मान एका अंगाला कलती करून ऐकायची, तंबोरा लावताना गाणारी माणसं ऐकतात तशी. महिनाभरात तिला सूर कळला. सहा महिन्यांत ती पाठमोरी उभी राहूनही सांगायची, बाबा, पातं बोथट झालंय. तिला जे ऐकू येत होतं ते खरंच होतं. फक्त ज्याच्यावर तिने कान घडवला ते खोटं होतं. हिरव्याचा मूळ सूर भरीव होता, खालून यायचा, पायातून वर चढायचा. या नकलीचा वरच्या पट्टीतला, किंचित नाकातला. त्याला प्रत्येक कापाला तो ऐकू यायचा, अंगावर काटा यायचा. शेवटी ती कापायला लागली की तो काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जायला लागला. लेकीने आईला सांगितलं होतं, बाबांचा माझ्यावर विश्वास बसला, आता बघत उभे राहत नाहीत. हे बायकोने त्याला कौतुकाने ऐकवलं, तेव्हा त्याच्या हातातला घास हातातच राहिला होता.

आता कोणी म्हणेल, साधी गोष्ट, गेल्यावर सांगून टाकावं. मिस्त्रीही बसमध्ये तेच म्हणत होता, आणि दर थांब्याला त्यातून एक पळवाट काढत होता. चौथ्या थांब्याला सुचलं, सांगायचं की सर्व्हिसिंगला न्यायचंय. घेऊन जायचं, या खेपेला अस्सल भाग घालायचे, आठ दिवसांनी परत द्यायचं. कुणाला कळणार? पाचव्या थांब्याला वाटलं, तिला कळेल, सूर बदलेल. सहाव्याला वाटलं, तर सांगू, जुनं झालं होतं, दुरुस्त झाल्यावर चांगलं वाजायला लागलं. हे सगळं ठरेपर्यंत त्याला स्वतःचीच किळस आली. तिकडे पोरीचा हात त्या पात्यापासून चार बोटांवर, आणि हा इथे उभा राहून खोटेपणाची जुळवाजुळव करतोय. सातव्या थांब्याला तो बस नीट थांबायच्या आधीच उतरला.

इमारतीच्या जिन्याच्या तोंडाशीच त्याला आवाज आला. वरून, भिंतींमधून गाळून आलेला, नाकातला. चालू होतं. म्हणजे हात शाबूत होते, निदान आत्ता या क्षणी. तो एकेका ढांगेत दोन पायऱ्या चढला. दुसऱ्या मजल्यावर आवाज बसला, त्याचं काळीज बसलं. पुन्हा लागला. तिसऱ्यावर त्याला स्वतःच्या धापेमुळे ऐकू येईना, म्हणून तो थांबला, श्वास रोखला, ऐकलं, पुन्हा चढला. चौथ्या मजल्यावरचं दार उघडं होतं. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर घरमालक बसले होते, नाकावर चष्मा, मांडीवर कागद. हे गृहस्थ यादीवाले म्हणून आधीच मिस्त्रीच्या घरी प्रसिद्ध झाले होते. काम देण्यापूर्वी त्यांनी फोनवर पंधरा दिवस वाचून कुठल्या कंपनीचं कुठलं मशीन घराच्या कामाला किती चांगलं, याची यादी केली होती, आणि येणाऱ्या प्रत्येक कारागिराची परीक्षा घेतली होती. लेक परीक्षेत पास झाली ती हिरव्यामुळे. त्यांनी मिस्त्रीला बघून मान डोलावली, काहीतरी बोलले, आवाजात ते विरलं. मिस्त्री न्हाणीघराच्या दारात पोचला आणि उंबऱ्याशी खिळला.

ती त्याच्याकडे पाठ करून, डावा गुडघा टेकून, उजवा पाय पुढे रोवून बसली होती. पुढे दोन लाकडी ठोकळ्यांवर दगडाची लादी. पहिला गोल झाला होता, दुसरा अर्ध्यावर होता. पाण्याची बाटली डाव्या बाजूला कलंडून लादीवर थेंब थेंब पाझरत होती, राखाडी रबडी तिच्या मनगटापर्यंत उडाली होती. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. चालू मशीनवरच्या माणसाला मागून हाक मारायची नाही. हाही त्याचाच नियम. त्याच्या डाव्या अंगठ्यावर पांढरी रेघ होती, ती तीस वर्षांपूर्वी प्रेमाने मारलेल्या एका हाकेची. खांद्याला हात लावायचा नाही. समोर जायला जागा नाही, समोर भिंत. प्लग ओढावा तर वायरीचा बोर्ड तिच्या पलीकडे, तिच्या उजव्या पायाशी. उभं राहायचं. एवढंच उरलं. ज्या बापाने तीन वर्षं या सुरापासून पळ काढला, त्याला आज त्या दारात उभं राहून तो अगदी शेवटपर्यंत ऐकावा लागला. गोलाची रेघ बोटभर राहिली. तिचे खांदे सैल होते, ती जोर करत नव्हती, नुसतं वजन देत होती, आणि पातं पेन्सिलीच्या रेघेवरून केसभर इकडेतिकडे होत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं, त्याला कळेना. गोल मिळाला. मधली चकती खालच्या फडक्यावर टप्पकन पडली. तिने मशीन वर उचललं, आणि त्याला स्पष्ट दिसलं, तिने बोट उचललं. स्विचपासून बोट पूर्ण सुटलं.

पातं फिरत राहिलं.

आणि तिचा उजवा पाय, खाली न बघता, सरावाने, बोर्डाच्या बटणावर पडला. सूर उतरत उतरत थांबला. तिने पातं पूर्ण थांबेपर्यंत मशीन हवेत धरलं, मग फडक्यावर ठेवलं, वळली, आणि बापाला दारात बघून हसली. तिच्या भुवया दगडाच्या पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या, म्हातारीसारख्या.

“तुम्ही कधी आलात? धाप लागलीय तुम्हाला.”

त्याने विचारलं, हे असं किती दिवस होतंय. चार-पाच दिवस, ती म्हणाली, आणि वर हसून सांगितलं, “म्हातारं झालंय ना आपलं. म्हाताऱ्या माणसाला गप्प बसा म्हटलं तरी दोन वाक्यं जास्त बोलतंच. मी बोर्ड पायाशी घेऊन बसते.” तिने हिरव्याच्या पाठीवरून ओल्या फडक्याने हात फिरवला. मिस्त्रीला ती सवय ओळखीची होती. तो पुढे झाला, वाकला, बोर्डातून मशीनचा प्लग उपसला आणि म्हणाला की हे मशीन तो घेऊन चाललाय, सर्व्हिसिंगला. बसमधलं वाक्य जसंच्या तसं बाहेर आलं. ती म्हणाली, उद्या न्या, आज अजून खिडकीची पट्टी राहिलीय, मालक संध्याकाळी पाहुण्यांना दाखवणार आहेत. तो नको म्हणाला. ती समजूत घालायच्या सुरात म्हणाली, “बाबा, काही होत नाही. मला याचा आवाज झोपेतही कळतो. कुठे बिघडलं तर हातापर्यंत यायच्या आधी कानापर्यंत येईल. तुम्हीच शिकवलंय.”

दारात यादीवाले येऊन उभे राहिले होते. त्यांनी लादीवरून बोट फिरवलं, कडेला कुठे टवका उडालाय का बघितलं, आणि समाधानाने म्हणाले, “मिस्त्री, तुमच्या हिरव्याला मी दहापैकी साडेनऊ दिलेत.”

प्लग मिस्त्रीच्या मुठीत होता. त्याच्या दोन पिना तळव्यात रुतत होत्या. सांगितलं तर हे काम पोरीच्या हातून जाईल, न सांगितलं तर हातच जाईल, आज नाही तर उद्या, ज्या दिवशी बोर्ड पायाला सापडणार नाही त्या दिवशी. मनातल्या मनात त्याने नाव घेतलं. या वेळी नावच आलं.

“हे हिरवं नाही,” तो म्हणाला. “कवच तेवढं त्याचं. आतलं सगळं नकली आहे. तू शिकायला आलीस त्याच्या आधीच बदललं मी. त्याच्या स्विचची स्प्रिंग गेलीय, लोकांचे हात कापले गेलेत. सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही.”

बाटलीतलं पाणी लादीवर ठिबकत होतं, एक, मग बऱ्याच वेळाने एक. लेकीने त्याच्याकडे बघितलंच नाही. तिने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, मशीन मांडीवर पालथं घेतलं आणि चार स्क्रू काढले. एकेक काढून ती फडक्यावर ओळीत ठेवत होती, हेही त्यानेच शिकवलेलं. कवच उघडलं. आत फिकट तांबं होतं, कोपऱ्यात शिक्का नसलेली मोटार, स्विचच्या पोटात दमून चपटी झालेली एक इवलीशी स्प्रिंग. तिने ती नखाने उचलून तळहातावर घेतली. यादीवाले वाकून बघत होते. त्यांच्या हातातल्या कागदावर हिरव्यापुढे खूण होती, आणि ती ठेवावी की खोडावी याचा त्यांना उलगडा होत नव्हता. शेवटी त्यांनी अगदी प्रामाणिक गोंधळाने विचारलं, “मग हे साडेनऊ कुणाचे?”

मिस्त्रीने लादीकडे बोट केलं. “हिच्या हाताचे.”

यादीवाल्यांनी पुन्हा एकदा दोन्ही गोलांच्या कडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले की पट्टीचं उद्या बघू, पाहुण्यांना काय सांगायचं ते मी सांगेन, आणि चष्मा पुसत बाहेरच्या खोलीत गेले. लेकीला यातलं काही ऐकू आलं की नाही, कळलं नाही. तिचा चेहरा बंद होता. पिठाने पांढऱ्या झालेल्या त्या भुवयांखाली मिस्त्रीला तिचे डोळे सापडत नव्हते. तिने त्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिची आई इथे असती तर घातल्याच असत्या. तो समोर ओल्या फरशीवर बसला, विजारीतून पाणी वर चढलं तरी हलला नाही. ती स्प्रिंग तळहातावर इकडून तिकडे घरंगळवत होती. मग ती बोलली, आणि रागाने बोलली असती तर त्याला सोसलं असतं, पण ती हरवलेल्या माणसाने वाट विचारावी तशी बोलली.

“मग खरं कसं वाजतं?”

त्याला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला. तीन वर्षं जो सूर तिने चांगला म्हणून कानात जपला, ज्याच्यावरून ती प्रत्येक मशीनची परीक्षा करत होती, निळ्याला जड म्हणायची, पिवळ्याला घोगरं म्हणायची, तो सूर त्याने तिला खोटा लावून दिला होता. स्प्रिंग बदलता येते, कान कसा बदलायचा? खरा सूर काढून दाखवायला त्याने तोंड उघडलं, आणि गळ्यातून जो आवाज निघाला तो नाकातला होता, वरचा.

“हा नाही. हा तर हाच,” ती लगेच म्हणाली.

“थांब,” तो म्हणाला. खरा सूर आपणच विसरलो की काय, या भीतीने जिन्यातल्या भीतीलाही मागे टाकलं. त्याने डोळे मिटले. धुराच्या दुपारच्या मागे गेला. त्याच्याही मागे, ओल्या फडक्याच्या संध्याकाळींच्या मागे, पेटीचं झाकण पहिल्यांदा उघडलं त्या दिवसाशी जाऊन उभा राहिला. हातात वजन आलं. बोटाखाली बटण आलं. पायातून काहीतरी वर चढलं, गुडघ्यातून, पोटातून, आणि त्याने ओठ मिटूनच तो सूर सोडला, खालचा, भरीव, हलणारा पण न ढळणारा. न्हाणीघराच्या नव्या फरश्यांनी तो उचलून धरला. बाहेरच्या खोलीत कागदांची सळसळ थांबली. त्याचा दम संपत आला तरी त्याने सूर सोडला नाही, सोडला तर पुन्हा सापडणार नाही असं त्याला वाटत होतं, आणि शेवटच्या श्वासाला त्याने डोळे उघडून बघितलं. लेक त्याच्याकडे बघत नव्हती. तिने स्प्रिंग फरशीवर ठेवली होती, तळहात ओल्या जमिनीवर पालथा टेकवला होता, आणि मान एका अंगाला कलती करून ती ऐकत होती.

“पुन्हा,” ती म्हणाली.